फोनच्या स्पीकरवर तानपुरा गायब झाला तेव्हा

झालं असं की शुक्रवारी रात्री साडेदहाला आमच्या गेमच्या प्रोग्रामरचा नाशिकहून फोन आला, म्हणाला, अगं तू तानपुरा टाकायला विसरलीस का, किल्ल्याच्या सीनमध्ये नुसती बासरी वाजतेय, खाली काहीच नाहीये. मी म्हटलं असं कसं होईल, मीच एक्सपोर्ट केलंय, तासभर ऐकलंय. लगेच हेडफोन घातले, तीच फाइल लावली, तानपुरा होता. नुसता होता नाही, दोन्ही कानांच्या बाहेरपर्यंत पसरलेला होता, अगदी गाभाऱ्यात बसल्यासारखा, मला तर तोच भाग सगळ्यात जास्त आवडला होता. मग मी विचारलं तू ऐकतोयस कशावर? म्हणाला, फोनवर गं, स्पीकरवर, गेम फोनचाच आहे ना.

मी हेडफोन काढून माझ्या साध्या फोनवर फाइल टाकली, त्याला खाली एकच स्पीकर आहे. प्ले केलं. बासरी आली, मागे रातकिडे आले, तानपुरा नाही. कान फोनला लावला तरी नाही. हळू झालाय असं नाही, नाहीच.

आधी थोडं सांगते. आम्ही चौघं आहोत, सगळे नोकऱ्या सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी हा गेम करतोय. एक मुलगी रात्री मशाल घेऊन किल्ला चढते, खाली गावात देवळापुढे गोंधळ चालू असतो, तिला रस्ता शोधत परत तिथे पोचायचं असतं, एवढीच गोष्ट. म्युझिक आणि साउंड माझ्याकडे. मी त्याआधी एकांकिका आणि प्रायोगिक नाटकांचं पार्श्वसंगीत केलं होतं, म्हणजे हॉलमध्ये डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक, प्रेक्षक मध्ये बसलेले, स्टिरिओ म्हणजे काय ते मला तेवढंच माहीत होतं. रुंद ऐकू आलं की चांगलं, अरुंद ऐकू आलं की गरीब, असंच डोक्यात बसलेलं.

तर त्या तानपुऱ्याचं काय झालं होतं. आईच्या तानपुऱ्याचं एका माइकवर रेकॉर्डिंग केलं होतं, म्हणजे मुळात मोनो, डावं-उजवं नसलेला एकच आवाज. मोनो म्हणून तो मधोमध बसायचा आणि बासरीच्या अंगावर यायचा. मग मी एक युक्ती केली जी बरेच जण करतात, ट्रॅकची कॉपी काढली, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि उजव्याची फेज उलटी केली. हेडफोनमध्ये असा काही पसरला की मी खूश. पण फेज उलटी करणं म्हणजे काय, तर लाटेचा जिथे चढ तिथे उतार, जिथे उतार तिथे चढ. डाव्या कानाला एक जातंय, उजव्याला बरोबर त्याच्या उलट, मेंदूला त्याची जागा ठरवता येत नाही म्हणून तो पसरल्यासारखा वाटतो. एकच स्पीकर असलेला फोन मात्र दोन्ही बाजू एकत्र करतो, बेरीज करतो. अधिक एक आणि वजा एक. उत्तर शून्य. तानपुरा दबला नव्हता, गणितानेच संपला होता.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टर ट्रॅकवर एक मोनोचं बटण आहे, तीन वर्षं मी ते कधी दाबलं नव्हतं. त्या रात्री दाबलं. आणि शेजारी कोरिलेशन मीटर असतो, अधिक १ म्हणजे दोन्ही बाजू एकसारख्या, ० म्हणजे एकमेकींशी संबंध नाही, उणे १ म्हणजे एकमेकींच्या बरोबर विरुद्ध. तानपुरा सोलो केला, म्हणजे बाकी सगळं बंद करून तो एकटाच वाजवला, तर काटा डावीकडे उणे १ वर जाऊन चिकटला. सगळं समोर लिहिलेलं होतं, मी बघितलं नव्हतं.

मग मी उरलेल्या सगळ्या म्युझिकवर ते बटण दाबत बसले, रात्री दोनपर्यंत. बासरीला रुंद करायला मी एका बाजूला १ मिलिसेकंदाचा उशीर दिला होता, तर मोनोमध्ये बासरी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी पोकळ. याचंही कारण तेच बेरजेचं, १ मिलिसेकंद उशिराने तोच आवाज मिळवला की ५०० हर्ट्झला तो स्वतःलाच खातो, मग १५०० ला, मग २५००, अशा कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडत जातात. बासरीचा जीव तिथेच असतो. आणि गंमत नाही, पण हे फक्त स्वस्त फोनवाल्याचं होतं असं कुणी समजू नका. दोन स्पीकरवाला फोन असला तरी आडवा धरला की एक स्पीकर तळव्याखाली जातो. ब्लूटूथ हेडफोनवर खेळताना मित्रांशी बोलायला माइक चालू केला की बऱ्याचदा हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि सगळा आवाज मोनो होतो, वरून वरच्या पट्ट्या कापलेल्या. म्हणजे ज्याच्याकडे चांगला हेडफोन आहे त्यालाही माझं म्युझिक मोनोत ऐकू येणार आहे, आणि मी ते कधी मोनोत ऐकलंच नव्हतं.

या सगळ्यात मला आमचा लहानपणचा टीव्ही गेम आठवला. पिवळ्या कॅसेटवाला, १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल असलेला, सुट्टीत चुलतभावंडं नंबर लावून खेळायचो. त्या टीव्हीला एकच स्पीकर, मशीनमधूनही एकच आवाज बाहेर यायचा. आतमध्ये मोजून पाच चॅनेल, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइझ आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी. डावं-उजवं नाहीच. तरी मला आज त्यातली चाल, खालचा बेस, टकटक वाजणारा ताल सगळं वेगवेगळं आठवतं, एकात एक मिसळलेलं आठवत नाही. कारण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी जागा डाव्या-उजव्यात केलीच नाही, उंचीत केली. बेस खाली, चाल वर, दोघी एकाच वेळी एकाच सुरात शिरायच्या नाहीत, एक थांबली की दुसरी बोलायची. १९८९ चा गेम बॉय तर माझ्यासारख्याच पेचात होता, स्पीकर एकच पण हेडफोन लावला की स्टिरिओ, आणि त्यातही प्रत्येक चॅनेल एकतर डावीकडे, नाहीतर उजवीकडे, नाहीतर दोन्हीकडे, अधलंमधलं काही नाही. त्या लोकांना रुंद आणि एकेरी दोन्ही ठिकाणी उभं राहील असंच लिहावं लागलं. पुढे घरात स्टिरिओ टीव्ही यायला लागले तेव्हाही बऱ्याच गेमच्या ऑप्शन्समध्ये स्टिरिओ आणि मोनो अशी निवड असायची, ती मी लहानपणी उगीच बदलून बघायचे आणि आमच्या टीव्हीवर काहीच फरक पडायचा नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी सगळे पॅन, म्हणजे कुठला आवाज किती डावीकडे-उजवीकडे ते ठरवणारे खटके, मध्ये आणले. सगळं म्युझिक मोनोत, एकाच छोट्या स्पीकरवर, आणि ठरवलं की इथे नीट ऐकू येईपर्यंत डावं-उजवं करायचंच नाही. फार अवघड गेलं. जे मी पॅनने सोडवत होते ते आता सुरांनी आणि आवाजाच्या पातळीने सोडवायला लागलं. बासरीची एक ओळ चक्क काढून टाकली कारण ती तानपुऱ्याच्या पंचमावरच बसत होती, दोघांनाही बोलता येत नव्हतं. ते आधीच काढायला पाहिजे होतं, स्टिरिओमुळे ते लपून राहिलं होतं.

तानपुरा मात्र परत वाजवायचा ठरवलं. आईचा तानपुरा मिरजेचा आहे, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेला. रविवारी दुपारी खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद, फ्रिजचा स्विच बंद, शेजारच्यांचा कुकर होईपर्यंत थांबलो. आई वाजवायला बसली. या वेळी एका टेकची कॉपी न करता दोन वेगळे टेक घेतले, पंधरा-पंधरा मिनिटं, पहिला झाल्यावर आईने जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो झंकार आणणारा, नखाने इतकासा सरकवला, एका केसाइतका, आणि दुसरा टेक. सूर तोच, पण छेडण्याची वेळ प्रत्येक वेळी जराशी मागेपुढे, आणि दोऱ्यामुळे झंकारही किंचित वेगळा. हे दोन टेक डावीकडे-उजवीकडे ठेवले की खरी रुंदी येते कारण ते खरंच दोन वेगळे आवाज आहेत. आणि त्यांची बेरीज केली तर ते एकमेकांना खात नाहीत, साधारण ३ डेसिबलने वाढतात. मीटरचा काटा शून्याच्या आसपास हलत राहिला, कधी थोडा उजवीकडे, कधी थोडा डावीकडे. मोनोचं बटण दाबलं. तानपुरा अरुंद झाला पण गेला नाही, एका माणसाने वाजवल्यासारखा मध्ये बसला. आई म्हणाली, आता तर दोन्हीकडे मीच आहे.

इथे एक गोष्ट मला फार आवडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, साधारण १०४ हर्ट्झचा. फोनचा स्पीकर तिथे जवळजवळ काहीच देत नाही, तेवढासा पडदा हवा हलवणार किती. तरी फोनवर खर्ज ऐकू येतो! कारण जवारीमुळे त्या तारेतून वरचे स्वर भरभरून निघतात, २०८, ३१२, ४१५ असे खर्जाच्या पटीतले, आणि ते ऐकून मेंदू खालचा न आलेला सूर स्वतः भरून काढतो. म्हणून मी वरच्या पट्ट्या कापल्या नाहीत, उलट तीन-चारशेच्या पुढे जरा उचलल्या. खाली बेस वाढवून काहीच झालं नसतं, फोनला तो झेपलाच नसता.

एवढं झाल्यावर मला वाटलं संपलं. पण गोंधळाचं काम बाकी होतं, आणि खरा धडा तिथे मिळाला.

गोंधळ हा बॅकग्राउंड म्युझिक नाही, तो त्या गावात, त्या देवळापुढे प्रत्यक्ष चालू आहे. मुलगी किल्ल्यावरून खाली यायला लागली की तो लांबून ऐकू यायला पाहिजे, वळली की बाजू बदलायला पाहिजे. मी ओळखीतल्या एका संबळ वाजवणाऱ्या काकांचं रेकॉर्डिंग केलं होतं, दोन माइक, एक मोठ्या भांड्यावर, एक लहानावर, आणि एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. काकांना हेडफोनवर ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोन काढून म्हणाले, "वाजलाय छान, पण संबळ एवढा रुंद नसतो गं. आपण तो कमरेला बांधतो. तू तर एक भांडं या घरात ठेवलंस आणि एक त्या घरात."

मी म्हटलं, "काका, स्टिरिओत असंच करतात."

तर म्हणाले, "वाजवणाऱ्याला तसं ऐकू येत असेल. ऐकणारा कुठे उभा आहे?"

हा प्रश्न मी या गेमसाठी स्वतःला विचारलाच नव्हता. ऐकणारी मुलगी शंभर पावलांवर उभी आहे. तिथून संबळ म्हणजे एक ठिपका, त्याला डावं-उजवं नसतं. डावं-उजवं असतं ते तिच्या कानांना.

आम्ही गेम ज्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतोय त्या युनिटीत हेच मग सेटिंगमध्ये दिसलं. तिथे प्रत्येक आवाजाला स्पेशियल ब्लेंड असतो, ० म्हणजे टूडी, म्हणजे फाइल आहे तशी दोन कानांत, आणि १ म्हणजे थ्रीडी, म्हणजे आवाजाला जगात जागा आहे आणि इंजिन ठरवणार कुठल्या कानात किती. मी स्टिरिओ फाइल थ्रीडी करून देवळापुढे ठेवली होती, तर स्प्रेड, म्हणजे आवाज किती पसरायचा ते सेटिंग, शून्य असल्यामुळे तिच्या दोन्ही बाजू एकाच जागेवरून वाजत होत्या, म्हणजे परत बेरीज. दोन माइकमध्ये अंतराचा फरक साधारण ३४ सेंटिमीटर, आवाजाला तेवढं जायला १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे बासरीवाली तीच फट संबळच्या ठोक्यात. शिवाय जी रुंदी ऐकूच येणार नाही तिच्यासाठी दुप्पट मेमरी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा एक मिनिट स्टिरिओ आवाज उघडला की साधारण १० एमबी होतो, मोनो त्याच्या निम्मा, आणि फोनवर गोंधळाचा चार मिनिटांचा लूप म्हणजे ४० आणि २० चा फरक.

मग सगळं परत मोडून मांडलं. संबळ एक मोनो फाइल, फक्त एका माइकची नीट निवडलेली. तुणतुणं एक मोनो, झांज एक मोनो, गाणाऱ्यांचे आवाज एक मोनो. चार फाइली, आणि देवळापुढच्या अंगणात चार वेगवेगळ्या जागी ठेवल्या, जिथे ती माणसं उभी आहेत तिथेच. लांबून ते चारही एकाच दिशेने येतात, एकच गोंधळ. जसजशी मुलगी जवळ येते तसे ते सुटे होत जातात, अंगणात शिरली की झांज एका बाजूला, तुणतुणं दुसऱ्या बाजूला, आणि ती मध्ये चालत गेली की सगळं तिच्याभोवती फिरतं. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात रुंद स्टिरिओ हा होता आणि त्यात एकही स्टिरिओ फाइल नव्हती. चालणाऱ्याच्या पायांनी तो तयार होत होता.

अडचणी आल्याच. चारही फाइली एका क्षणी सुरू व्हायला पाहिजेत, नाहीतर झांज संबळच्या मागे पडते, तर प्रोग्रामरने साधा प्ले न वापरता ऑडिओच्या घड्याळावर वेळ ठरवून चारही शेड्यूल केल्या. मग मुलगी पळायला लागली की तुणतुण्याचा सूर चढायचा-उतरायचा, मला दोन दिवस वाटलं रेकॉर्डिंगच बेसूर आहे. तो डॉप्लर होता, म्हणजे जवळ येताना सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो तो परिणाम, युनिटीत थ्रीडी आवाजाला तो आपोआप १ वर असतो, गाडीच्या हॉर्नला ठीक आहे, सुराला नाही. शून्य केला. आणि अगदी जवळ गेल्यावर, संबळच्या शेजारी उभं राहून जरा मान वळवली की आवाज डाव्या कानातून एकदम उजव्या कानात उडी मारायचा, अंगावर यायचा. तिथे अंतरानुसार स्प्रेड वाढवला, दोन मीटरच्या आत आलं की आवाज हळूहळू दोन्हीकडे उघडतो.

किल्ल्यावरचा तानपुरा आणि बासरी मात्र स्टिरिओच ठेवली, टूडी. ते म्युझिक कुठल्याही जागेचं नाही, ते त्या मुलीच्या मनातलं आहे, तिने मान वळवली म्हणून ते फिरायला नको. आता मला कुणी विचारलं की गेमचं म्युझिक मोनो करू का स्टिरिओ, तर मी आधी विचारते की ते वाजवतंय कोण, आणि ते गेममध्ये कुठे दिसतं का. दिसत असेल तर मोनो, आणि त्याला त्याची जागा द्या. नसेल तर स्टिरिओ, पण मोनोच्या बटणातून एकदा काढून.

शेवटचं काम माझ्या मामामुळे झालं. मामाला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याच्या फोनमध्ये सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असतो, ते मी लावून दिलं होतं, म्हणजे डाव्या बाजूचं संगीतही त्याला उजव्या कानात मिळतं. त्याला बिल्ड, म्हणजे फोनवर चालणारा तयार गेम, दिला तर किल्ल्यावरचं म्युझिक त्याला सगळं ऐकू आलं, तानपुऱ्यासकट. पण गोंधळ कुठून येतोय हे त्याला कळेना. कळणार कसं, बाजू कळायला दोन कान लागतात, आणि आम्ही तर सगळा रस्ता त्याच आवाजावर ठेवला होता. मामा दहा मिनिटं बुरुजाभोवती फिरत राहिला आणि मला फार वाईट वाटलं, कारण गेम ज्याला खेळताच येत नाही असा माणूस माझ्या घरातच होता.

यावर आम्ही आठवडाभर बोललो. बाण दाखवायचा असं आधी ठरत होतं. मग आठवलं की मागून येणारा आवाज खऱ्या आयुष्यातही जरा मंद येतो, कानाची पाळी वरच्या पट्ट्या अडवते, आणि हे एका कानालाही कळतं. प्रोग्रामरने गोंधळाच्या चारही आवाजांवर लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या पट्ट्या कापून खालच्या जाऊ देणारी चाळणी, लावला आणि तो मुलीच्या तोंडाच्या दिशेला जोडला. देवळाकडे तोंड असेल तर फिल्टर पूर्ण उघडा, पाठ असेल तर २००० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ बंद. म्हणजे देवळाकडे वळलं की झांज चमकते, पाठ केली की विझते. खऱ्यापेक्षा जरा जास्तच केलं, मुद्दाम.

मागच्या रविवारी मामा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर कोचावर बसून त्याने फोन घेतला, एकच इअरफोन, उजव्या कानात. मी काही सांगितलं नाही. तो बुरुजावर उभा राहिला, हळूहळू मुलीला फिरवत होता, एक पूर्ण चक्कर, मग अर्धी, मग थांबला, थोडं मागे घेतलं. म्हणाला, "इथे झांज उजळतेय." आणि सरळ खाली उतरायला लागला.